मुक्याचे दुखणे, माणसाची गोळी

गोळ्यांचा डबा नाही असे घर आज शहरात शोधूनही सापडणार नाही. फडताळाच्या वरच्या खणात, फ्रीजच्या दारात, नाहीतर आजोबांच्या उशाशी तो असतोच. क्रोसीन, ब्रूफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान ही नावे आता औषधांची राहिलेली नाहीत. ती मीठ-साखरेसारखी घरातली झाली आहेत. डोके चढले, गुडघा धरला, दाढ ठणकली की डॉक्टरांच्या आधी हात या डब्याकडे जातो. अलीकडे या डब्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले आहे आणि त्याला बोलता येत नाही.

घरातला कुत्रा म्हातारा होतो. एके काळी बेल वाजली की दारापर्यंत झेप घेणारा, आता उठताना दोनदा विचार करतो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो. मागचा पाय जमिनीला टेकवताना कचरतो. घरातल्या कोणाला तरी राहवत नाही. 'आपल्याला चालते ते त्याला का चालू नये? अर्धीच तर देतोय', असे म्हणत गोळी पोळीच्या तुकड्यात लपवली जाते. हेतूत खोट काढायला जागा नाही. उलट माया आहे म्हणूनच हे घडते. पण औषधाला माया कळत नाही. त्याला वजन कळते, यकृत कळते, मूत्रपिंड कळते. आणि या तिन्ही बाबतींत कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे.

वेदनाशामक औषधांचे कुत्र्यांवर होणारे दुष्परिणाम हा विषय वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटेल. माणसांनाच औषधे वेळेवर मिळत नाहीत तिथे कुत्र्यांचे काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल. परंतु गेल्या तीस वर्षांत या एका विषयाच्या पोटातून जे प्रश्न निघाले, ते कुत्र्यापाशी थांबले नाहीत. कंपनीने ग्राहकाला किती सांगावे, डॉक्टरांनी किती विचारावे, सरकारने कशाची नोंद ठेवावी, आणि ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या वतीने कोणी बोलावे, हे ते प्रश्न आहेत.

दुखणे थांबते ते कसे?

ब्रूफेन, डायक्लोफेनॅक, मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन ही सारी एकाच मोठ्या कुळातली औषधे. ती स्टिरॉइड नाहीत, पण सूज आणि वेदना दोन्ही उतरवतात. ती हे नेमके कसे करतात, हे १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले. त्या कामासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. जखम झाली की तीच सूज आणतात, तीच वेदना जागी करतात. हे औषध त्यांची निर्मितीच रोखते. कारखाना बंद, म्हणून माल बंद, म्हणून वेदना कमी, असा हा सरळ हिशेब आहे.

अडचण अशी की हा कारखाना केवळ दुखण्यासाठी चालत नाही. जठराच्या आतल्या अस्तरावर जो संरक्षक थर असतो, तोही याच द्रव्यांच्या जोरावर टिकतो. अंगातले पाणी कमी झाले, रक्तदाब उतरला, तर मूत्रपिंडाला रक्त पुरवत राहण्याचे कामही हीच द्रव्ये करतात. कारखान्याला टाळे लागले की दुखणे थांबते, पण पहारेकरीही घरी जातात. मग जठराला आतून जखमा होतात, रक्तस्राव होतो, शी डांबरासारखी काळी पडते. मूत्रपिंड उपाशी राहते. थोडक्यात, दुष्परिणाम हा औषधाचा अपघात नसून त्याच्या मूळ गुणाचीच दुसरी बाजू आहे. कुत्र्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या औषधांत हा तोल बराच साधलेला असतो, पण पूर्णपणे नव्हे.

अर्धी गोळी म्हणजे किती?

आता 'अर्धीच तर देतोय' या वाक्याचा हिशेब मांडू. ब्रूफेनची नेहमीची गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. साठ किलोच्या माणसाने ती घेतली तर किलोमागे सात मिलिग्रॅमही पडत नाही. तीच गोळी सहा किलोच्या पॉमेरेनियनला दिली तर किलोमागे सहासष्ट मिलिग्रॅम पडते, म्हणजे माणसाच्या दसपट. अर्धी दिली तरी पाचपट. आणि हा झाला नुसता वजनाचा हिशेब. कुत्र्याचे शरीर हे औषध बाहेर टाकण्याच्या बाबतीतही माणसासारखे वागत नाही. नॅप्रोक्सेन या औषधाचे उदाहरण बोलके आहे. माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला बारा ते सतरा तास लागतात. कुत्र्यात त्यालाच सुमारे तीन दिवस लागतात. यकृतातून पित्तात, पित्तातून आतड्यात आणि आतड्यातून पुन्हा रक्तात अशी त्याची फेरी चालू राहते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ गोळी देणारा माणूस प्रत्यक्षात थरावर थर चढवत असतो. कुत्रा आजारी पडतो तेव्हा पहिल्या गोळीला चार दिवस झालेले असतात, आणि त्या गोळीचा या आजाराशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पॅरासिटॅमॉल तर आपल्याकडे निरुपद्रवीपणाचे प्रतीकच मानले जाते. लहान बाळालाही ते देतात. पण अधिक मात्रेत ते कुत्र्याचे यकृत जाळते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. मांजराच्या बाबतीत तर एक गोळीही जिवावर बेतू शकते, कारण हे द्रव्य निकामी करण्यासाठी यकृतात जी रासायनिक सोय लागते, ती मांजराला निसर्गाने फारशी दिलेलीच नाही. ज्या घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, तिथे हे ठळक अक्षरांत लिहून डब्यावरच चिकटवावे.

आपल्या हवापाण्याने यात आणखी भर घातली आहे. महाराष्ट्रात गोचिडांचा सुळसुळाट बारमाही असतो. गोचिडांतून होणाऱ्या तापात कुत्र्याच्या रक्तातल्या, रक्त गोठवणाऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. कुत्रा मलूल होतो, सांधे आखडतात, अंग तापते. पाहणाऱ्याला वाटते की अंग दुखत असावे. त्यात वेदनाशामक दिले की आधीच पातळ झालेल्या बांधाला आणखी एक भगदाड पडते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. तो मूत्रपिंड आणि यकृत या दोहोंवरच घाला घालतो. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटते. अशा प्रत्येक वेळी जी गोळी एरवी पचली असती, ती घातक ठरू शकते.

आणखी एक सापळा आहे तो स्टिरॉइडचा. खाज, ॲलर्जी, ताप, कशावरही स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. आदल्या दिवशी एका दवाखान्यात स्टिरॉइड टोचलेले असते आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वेदनाशामक दिले जाते. ही दोन्ही औषधे एकत्र आली की जठराला व्रण होण्याचा धोका कैक पटींनी वाढतो. जगभरच्या पशुवैद्यकीय माहितीपत्रकांत याबद्दल स्पष्ट ताकीद असते. पण आधीच्या डॉक्टरांनी काय टोचले हे मालकाला ठाऊकच नसेल, तर नव्या डॉक्टरांना कोण सांगणार?

लॅब्राडॉरची आणि एका शब्दाची गोष्ट

कुत्र्यांसाठी खास बनवलेल्या औषधांची कथा अमेरिकेत सुरू होते. फायझर कंपनीच्या 'रिमाडिल' या औषधाला, म्हणजेच कार्प्रोफेनला, तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, १९९६ मध्ये परवानगी दिली आणि १९९७ च्या आरंभी ते बाजारात आले. सांधेदुखीने जखडलेली म्हातारी कुत्री पुन्हा धावू लागली. मालकांना चमत्कार वाटला, आणि अनेकांच्या बाबतीत तो खराही होता. एखाद्या नवीन माणसांच्या औषधाची व्हावी तशी या गोळीची जाहिरात झाली.

मग पत्रे येऊ लागली. कोणाचा कुत्रा खाणे सोडून बसला, कोणाच्या कुत्र्याचे डोळे पिवळे झाले, कोणाचा आठवड्याभरात गेला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात, या औषधानंतर यकृत बिघडलेल्या २१ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले १३ लॅब्राडॉर होते. लॅब्राडॉरला हे औषध सोसत नाही, असा बोलबाला झाला. पुढे तज्ज्ञांनी सावध केले की लॅब्राडॉर ही तिथली सर्वांत लोकप्रिय जात आणि सांधेदुखीचेही तिला वरदान, तेव्हा औषध घेणाऱ्यांतच त्यांची गर्दी होती. हा मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुष्परिणामाची नोंद म्हणजे दुष्परिणामाचा पुरावा नव्हे. पण नोंदच नसेल तर पुरावा शोधायला सुरुवात तरी कुठून करणार?

प्रशासनाकडे हजारो नोंदी जमल्या. मालकांनी कोर्टाची पायरी चढली. औषध मागे घ्या, अशी बहुतेकांची मागणी नव्हतीच. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की असे होऊ शकते हे आम्हाला आधी सांगितले असते, तर पहिल्या उलटीलाच आम्ही गोळी थांबवली असती. अखेरीस माहितीपत्रकात 'मृत्यू' हा शब्द आला. पशुवैद्यांसाठी असलेल्या बारीक टाइपातल्या कागदाबरोबरच, मालकासाठी सोप्या भाषेतले माहितीपत्रक देण्याची प्रथा पडली. खाणे सोडले, उलटी झाली, शी काळी झाली, पाणी पिण्यात फरक पडला, वागणे बदलले, तर औषध ताबडतोब बंद करून डॉक्टरांना कळवा, हे त्या पत्रकाचे सार. कार्प्रोफेन आजही वापरात आहे आणि योग्य हातांत ते चांगले औषध आहे. औषध तेच राहिले, मालकाला मिळणारी माहिती बदलली.

असे प्रकार मंजुरीआधीच्या चाचण्यांत का दिसत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडेल. उत्तर गणितात आहे. समजा चाचणी ३०० कुत्र्यांवर झाली आणि हजारात एकाला होणारा गंभीर त्रास त्या औषधाला आहे. मग त्या ३०० जणांत तो एकदाही न दिसण्याची शक्यताच अधिक. औषध लाखो कुत्र्यांपर्यंत पोहोचले की मात्र तोच त्रास शेकड्यांनी दिसू लागतो. याचा अर्थ, खरी मोठी चाचणी परवानगीनंतर सुरू होते, आणि ती आपल्या घरात होत असते. त्या चाचणीचा अहवाल लिहिणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नसतो.

नवे इंजेक्शन, जुना प्रश्न

पंचवीस वर्षांनी हाच अंक नव्या नेपथ्यात पुन्हा सुरू झाला आहे. गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंड दुखावते, मग वेदनेची वाट दुसरीकडेच अडवावी, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी या इटालियन विदुषीने १९५० च्या दशकात मज्जातंतूंची वाढ करणारे एक द्रव्य शोधले होते. त्यासाठी तिला १९८६ चे नोबेल मिळाले. हेच द्रव्य सांध्यातली वेदना मेंदूपर्यंत पोहोचवण्यात भाग घेते, असे पुढे कळले. त्याला पकडून ठेवणारे प्रतिपिंड तयार झाले. कुत्र्यांसाठीचे असे 'लिब्रेला' नावाचे इंजेक्शन झोएटिस या कंपनीने आणले. महिन्यातून एकदा टोचायचे. २०२० मध्ये युरोपात आणि २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. रोज गोळी भरवण्याची कटकट नाही, पोटाला त्रास नाही, म्हणून ते झपाट्याने पसरले.

आणि १६ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या एफडीएने पशुवैद्यांना उद्देशून एक खुले पत्र काढले. या इंजेक्शननंतर कुत्र्यांचा तोल जाणे, झटके येणे, पाय लुळे पडणे, उठता न येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, तहान आणि लघवी वाढणे अशा नोंदी आल्याचे त्यात म्हटले होते. काही प्रकरणांत शेवट मृत्यूत झाल्याची नोंद होती, आणि त्यात मालकांनी दयामरण दिलेले कुत्रेही होते. पशुवैद्यांनी या शक्यता मालकांना आधी समजावून सांगाव्यात, असे प्रशासनाने सांगितले. पुढे औषधाच्या माहितीपत्रकात या नोंदींची भर पडली. कंपनीचे म्हणणे असे, की असे प्रकार विरळ आहेत आणि बहुसंख्य कुत्र्यांना औषधाचा लाभ होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय औषधामुळे गेले की वयामुळे, हे एकेका घरात बसून ठरवता येत नाही, हेही तितकेच खरे.

इथे एक तपशील विसरून चालणार नाही. याच तत्त्वावर माणसांच्या गुडघेदुखीसाठीही एक औषध तयार झाले होते, टॅनेझुमॅब. काही रुग्णांचे सांधे ते घेताना वेगाने झिजल्याचे दिसले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला, आणि त्याच वर्षी कंपन्यांनी त्याचा नाद सोडला. माणूस डॉक्टरांना सांगू शकला, की दुखणे कमी झाले पण सांधा काही ठीक वाटत नाही. कुत्रा हे सांगू शकत नाही. दुखणे थांबले की तो आनंदाने उड्या मारतो. त्या उड्या औषधाचे यश आहेत की झिजलेल्या सांध्यावर पडणारा जादा बोजा, हे ओळखण्याची जबाबदारी इतरांवर येऊन पडते.

गिधाडांनी भरलेली किंमत

आपल्या देशात जनावरांच्या वेदनाशामकांचा दुष्परिणाम हा विषय एकदाच ऐरणीवर आला, आणि तो आणला गिधाडांनी. गुराढोरांना सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून उघड झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाला आपल्या अंत्यविधीसाठी सौर उष्णतेचा आधार घ्यावा लागला, त्याचे मूळ याच गोळी-इंजेक्शनात आहे.

कथा तिथेच संपली नाही. गिधाडे गेली, उकिरड्यावरचे मांस उरले, आणि ते खायला भटकी कुत्री आली. गिधाडांच्या ऱ्हासामुळे वाढलेल्या कुत्र्यांपायी, रेबीजने १९९२ ते २००६ या काळात सुमारे ४८ हजार जादा माणसे दगावली असावीत, असा अंदाज २००८ मध्ये अर्थतज्ज्ञ अनिल मार्कंडेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघांनी सांडपाणी-प्रदूषणासह सर्व परिणाम धरून, २००० ते २००५ या काळासाठी पाच लाखांहून अधिक जादा मृत्यूंचा अंदाज दिला. आकड्यांवर वाद होऊ शकेल, दिशेवर होणार नाही. गोठ्यातल्या गाईचा पाय दुखत होता म्हणून दिलेल्या औषधाचा धागा रेबीजच्या वॉर्डापर्यंत जातो.

त्यानंतर जुलै २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर केंद्र सरकारने जनावरांसाठी बंदी घातली. ही पावले योग्यच होती. पण एक गोष्ट नजरेआड होते. या साऱ्या चर्चेत प्रश्न असा होता, की ज्या जनावराला औषध दिले त्याला खाणाऱ्याचे काय होते. ज्याला दिले त्या जनावराचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न कधी चव्हाट्यावर आला नाही. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध कुत्र्यांतही वापरतात. पण मांजरांना ते वारंवार दिल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेत २०१० पासून त्यावर छापला जातो. 'सुरक्षित' हा शब्द कधीच एकटा येत नाही. कोणासाठी सुरक्षित, किती मात्रेत, किती दिवस, असे प्रश्न तो आपल्याबरोबर आणतो.

नोंद कोण ठेवणार?

माणसांच्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी भारतात २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून तो चालवला जातो. तोही सामान्य माणसाला फारसा ठाऊक नाही, ही गोष्ट वेगळी. पण नाशिक-सोलापुरातल्या एखाद्या घरी कुत्र्याला गोळीनंतर रक्ताची उलटी झाली, तर ती घटना जास्तीत जास्त दवाखान्याच्या वहीत जाते. बहुतेक वेळा तिथेही जात नाही. 'म्हातारा झाला होता' एवढ्यावर विषय मिटतो. घराघरात अशी एकेकटी प्रकरणे मिटत गेली, की त्यांतून दिसणारे चित्र कोणालाच दिसत नाही.

सोय अगदीच नाही असे नव्हे. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. नागपूरला पशू व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. दर वर्षी नव्याने पशुवैद्य बाहेर पडत आहेत. या महाविद्यालयांच्या दवाखान्यांनी एक साधा छापील तक्ता ठेवावा: औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस, काय झाले. तो वर्षाअखेरीस एकत्र करावा. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती सवय. औषध दुकानदारांनीही, जनावरासाठी म्हणून कोणी माणसाची वेदनाशामक गोळी मागितली, तर चिठ्ठी मागावी. चिठ्ठीवाचून औषध न देणे हा कायदा आजचा नाही. तो पाळणे मात्र आजही ऐच्छिक समजले जाते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची काळजी घेणाऱ्या मंडळींसाठीही एक शब्द. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याला बिस्किटात गोळी घालून देणारे हात कनवाळू असतात. पण त्या कुत्र्याच्या पोटात आधीच रक्तस्राव होत असेल, तो दोन दिवस पाण्यावाचून असेल, तर ती गोळी त्याचा शेवट जवळ आणते. आणि उद्या तो त्या कोपऱ्यावर दिसला नाही, तर तो बरा होऊन गेला की मरून गेला, हे कळण्याचा मार्ग नसतो.

मग सोसू द्यायचे का?

हे सारे वाचून कोणी कुत्र्याचे औषधच बंद करील, तर तीही क्रूरताच होईल. वेदना ही काही वयाबरोबर येणारी शोभा नव्हे. कुत्रा कण्हत नाही याचा अर्थ त्याला दुखत नाही असा नसतो. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव आहे. तो खेळणे कमी करतो, एकटा बसतो, पाठीवरून हात फिरवला तर गुरगुरतो, आणि आपण म्हणतो, वयाने चिडचिडा झाला. औषधाची भीती आणि औषधाचा अविचार या दोन्हींच्या मधली वाट धरायला हवी.

ती वाट औषधाच्या आधी सुरू होते. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. कमी खाणारे कुत्रे सरासरी १३ वर्षे जगले, दुसरे ११.२ वर्षे. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा झाली. आपल्याकडे पोळी-तूप आणि बिस्किटांनी गुबगुबीत झालेला कुत्रा हा लाडाचा पुरावा मानतात. त्याच्या खुब्यांना ते लाड पेलावे लागतात. गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी टाकणे, दोन छोटे फेरफटके मारणे, जिना टाळणे हे उपाय फुकटचे आहेत, आणि त्यांचा दुष्परिणाम नाही.

औषध घ्यायचेच तर काही प्रश्न नि:संकोच विचारावेत. हे औषध कुत्र्यांसाठीचे आहे का? वजन करून मात्रा ठरवली का? आधी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंड पाहायला हवे का? गेल्या पंधरा दिवसांत कोणते इंजेक्शन झाले आहे, हे आपण डॉक्टरांना सांगितले का? किती दिवसांनी पुन्हा तपासायचे? काय दिसले तर थांबवायचे? गोळी उपाशीपोटी द्यायची की जेवणानंतर? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि 'सौम्य' म्हणून दिलेल्या औषधाला गुण येतोच असेही धरून चालू नये. ट्रॅमाडॉल हे औषध वर्षानुवर्षे सांधेदुखीच्या कुत्र्यांना भरवशाने दिले गेले. २०१८ मध्ये ४० कुत्र्यांवर झालेल्या काटेकोर तुलनेत ते त्या दुखण्यावर निव्वळ बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही. कुत्र्याचे शरीर ज्या द्रव्यात त्याचे रूपांतर करून वेदना थांबवायला हवी, ते द्रव्य पुरेसे बनवतच नाही. दुष्परिणाम नसल्याच्या समाधानात वेदना मात्र तशीच राहिली होती.

माणसाने कुत्र्याला हजारो वर्षांपूर्वी आपल्या शेकोटीपाशी बोलावले, तेव्हा त्याच्या रानातल्या वाटा बंद झाल्या. रानातले जनावर दुखावले की कोपरा धरून पडून राहते. घरातला कुत्रा आपल्या तोंडाकडे पाहतो. आपल्या हातातून येते ते तो वास न घेता गिळतो, कारण तो हात आजवर वाईट काही देत आलेला नाही. औषधाच्या कंपनीने सांगावे, डॉक्टरांनी विचारावे, सरकारने नोंद ठेवावी, हे सारे व्हायलाच हवे. पण पोळीच्या तुकड्यात काय लपवायचे हे ठरवणारा शेवटचा हात घरातला असतो. गोळी लपवण्याआधी तिच्यावरचे नाव एकदा वाचावे, आणि जनावरांच्या डॉक्टरांना एकदा विचारावे.